पोळ्या होत नाहीत त्यात

२२ जुलै, मंगळवार

डावा हात प्लास्टरमध्ये. शनिवारी जिन्यात पाय घसरला, हात टेकला, मनगट गेलं. बेसा भागातल्या या नव्या बिल्डिंगचा जिना असा गुळगुळीत केलाय की ओली चप्पल असली की... जाऊ दे. उजवा शाबूत आहे म्हणून लिहिता तरी येतंय.

कॉलेजच्या ऑफिसात रजेचा अर्ज पाठवला. डॉक्टर म्हणाले, दीड महिना. मी म्हटलं, "गणपतीत आमच्याकडे महालक्ष्म्या असतात." ते म्हणाले, "असू द्या." असू द्या काय. त्यांच्याकडे नसतील.

एका हाताने कणिक भिजत नाही. परात गोल फिरते, कणिक आहे तिथेच. कुकरचं झाकण लागत नाही. वरणाचा भरलेला गंज उचलता येत नाही. हे बाहेरून डबा घेऊन आले. भाजीवर बोटभर तेल, पोळ्या चामड्याच्या. दोघांनी मुकाट्याने खाल्लं.

२४ जुलै, गुरुवार

तिसऱ्या मजल्यावर सुमन येते पोळ्या करायला. तिला गाठलं. सकाळची एक वेळ रिकामी आहे तिची. म्हणाली, "ताई, आज-उद्यात सांगा. दुसऱ्या घरचेही विचारून राहिले."

मी म्हटलं, यांना विचारून सांगते. जीभ कशी वळते पाहा. लग्न झाल्यापासून ओटा माझा, आणि विचारायचं यांना.

यांना विचारलं. पेपरातून मान वर नाही. "काहून? मी आहे ना घरी."

बँकेतून रिटायर झाल्यापासून घरीच आहेत. चहा येतो. पिंकी लहान असताना एकदा उपमा केला होता, तो पिंकीला अजून आठवतो, चांगल्या अर्थाने नाही.

"पोळ्या कोण करणार?"

"पाहू ना."

२७ जुलै, रविवार

पाहिलं.

मोठं खोकं आलं दुपारी. उघडलं तर काळं, गोल पोटाचं यंत्र, पुढे खण, खणात जाळी. एअर फ्रायर. (पुढे ए.फ्रा. एवढं कोण लिहील.) मी म्हटलं, हे काय? हे खोक्यातलं थर्माकोल काढत म्हणाले, "याच्यात सगळं होते. तेल नाही, गॅस नाही, तुले उभं राहायचं काम नाही."

"पोळ्या होतात?"

हे पुस्तिका वाचत बसले.

पुण्याहून पिंकीचा फोन. तिला सगळं ठाऊक. "आई, पप्पांनी स्वतः निवडलाय गं. उन्हाळ्यापासून मला लिंका पाठवून राहिले होते." उन्हाळ्यापासून. म्हणजे माझं मनगट धड होतं तेव्हापासून. मग आता माझ्या हाताचं निमित्त कशाला?

सुमनला जिन्यात यांनीच परस्पर सांगून टाकलं, लागणार नाही म्हणून. संध्याकाळी तिने दुसरं घर धरलं.

मला माणूस पाहिजे होतं. आलं यंत्र.

२९ जुलै, नागपंचमी

आज तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही. सासूबाई होत्या तोवर या दिवशी उकडलेलंच खात आलो. हे सकाळपासून ए.फ्रा. पुसताहेत. म्हणाले, "हा तवा नाही आन् कढईही नाही. हवेनं होते सगळं. हवेले कोणता नियम?"

काय बोलावं. अख्खे छोटे आलू धुऊन, तेल-तिखट चोळून ठेवले आत. घरघर सुरू झाली. मिक्सरसारखी नाही, दूरवर विमान उभं असल्यासारखी. नवीन प्लास्टिकचा वास घरभर. मग टिंग झालं.

वरून करकरीत, आत मऊ. बरे होते. बरे आहेत असं म्हटलं नाही. मीठ कमी आहे म्हटलं.

३ ऑगस्ट, रविवार

यांना भजी पाहिजेत. मी सांगितलं, पातळ बेसन आहे, जाळीतून गळेल. "व्हिडिओत होऊन राहिली ना." केली. बेसन जाळीतून खाली, खाली वाळून पापुद्रा. वर कांदा तेवढा राहिला, जळलेला. एक घास खाऊन म्हणाले, "वेगळी लागते." वेगळी. बसच्या सीटखाली पडलेली असावीत अशी लागत होती.

मग पापड ठेवला. पापड हलका, आतल्या वाऱ्याने उडाला आणि वर तापलेल्या तारेला जाऊन चिकटला. धूर. हे फुंकर मारताहेत. मी एका हाताने खिडकी उघडून राहिले.

खण घासताना मी मदतीला गेले तर, "तू बस वं हॉलमध्ये." सारखं तेच. माझ्याच स्वयंपाकघरातून मला बाहेर काढतात. काही दिसू नये असं पाठमोरे उभे राहतात, शाळेत पेपर झाकून लिहिणाऱ्या मुलासारखे.

६ ऑगस्ट, बुधवार

आज शांत डोक्याने विचार केला. आपल्या घरी रोज लागतं काय? पोळ्या. वरण, भात. एक पालेभाजी नाहीतर रस्सा. चटणी असते. यातलं त्या खणात काय जातं? काही नाही. तळण होतं कधी? सणाला, नाहीतर पाहुणे आले की. म्हणजे जे महिन्यातून एकदा लागतं त्यासाठी ओट्याची निम्मी जागा गेली. माझा पोळपाट आता फ्रिजवर. तिथून काढायला दोन हात लागतात.

हे यांना सांगितलं. म्हणाले, "फल्लीदाणे किती मस्त भाजले गेले परवा." दाणे. दाण्यांवर जगायचं का?

पोळ्या तिसऱ्या चौकातल्या बाईकडून पिशवीत येतात. दुपारपर्यंत वातड. यांनी त्यावर पाणी शिंपडून ए.फ्रा.मध्ये गरम केल्या. पापड झाले. जो पापड पाहिजे होता तो उडाला, आणि पोळीचा पापड झाला.

वॉशिंग मशीन आणि हा एकदम लावला की मेन पडतो. दोनदा पडला.

चहाही आजकाल अर्धाच कप देतात. विचारलं तर, "साखर कमी कर ना." साखर आणि चहाचा काय संबंध.

१० ऑगस्ट, रविवार

सक्करदऱ्याहून नीता आणि प्रकाश भाऊजी आले हात पाहायला. नीता धाकटी जाऊ. माणूस वाईट नाही, पण पायात चाकं. आल्या आल्या भांडी घासली, कणिक भिजवली, वीस-पंचवीस पोळ्या केल्या, ओटा पुसला. मी बघत बसले. इतक्या दिवसांनी गरम पोळी खाल्ली. पण जेवताना ती म्हणाली,

"ताई, यंदा महालक्ष्म्या आमच्याकडे बसवू. तुम्ही कशा कराल? एवढा स्वयंपाक, पुरण, वडे, सोळा भाज्या. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

एका वर्षाचा प्रश्न. सासूबाई गेल्यापासून मोठ्या घरी म्हणून माझ्याकडे उभ्या राहतात. एकदा उंबरा ओलांडला की परत कोण आणतं? मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "नाही नाही. आमच्याकडेच होतील. मी आहे. आणि हा आहे." ए.फ्रा.कडे हात.

नीता हसली. भाऊजी हसले. मला हसू आलं नाही.

जाताना यांनी मोठी लोखंडी कढई तिला देऊन टाकली, तिच्याकडे भजनी मंडळ आहे म्हणून. "आमच्या काय कामाची आता?" मी दारात उभी होते. माझ्यासमोर, मला न विचारता.

ती गेल्यावर मी बोलले. म्हटलं, सणाचे वडे कशात तळायचे? म्हणाले, "तळायचे कायले?"

१५ ऑगस्ट, शुक्रवार

खरं लिहायचं तर आज जमलं. सांबारवडी केली. हिरव्या सांबाराच्या (पिंकीच्या पुण्याची कोथिंबीर) जुड्या मी बसून एका हाताने निवडल्या. तीळ, खोबरं, लसूण घालून सारण यांनी परतलं, बेसनाची पारी मी सांगेन तशी लाटली. जाड झाली, वाकडी झाली. ब्रशने तेल लावून ए.फ्रा.त. मधे एकदा उलटल्या.

चांगल्या झाल्या. तळलेल्यासारख्या नाहीत, पण चांगल्या. हाताला तेल नाही. शेजारच्या काकूंना दिल्या तर त्यांनी लगेच मैत्रिणीला फोन करून यंत्राचं नाव सांगितलं.

वांगंही भाजलं परवा. साल सुटली छान, पण भरताला जाळाचा वास नाही तो नाहीच. गार पाण्याने अंघोळ केल्यासारखं भरीत. यांनी सगळं संपवलं.

म्हणून काय, पोळ्या आजही पिशवीतूनच.

२२ ऑगस्ट, पोळा

वड्यांची रंगीत तालीम. डाळी रात्री भिजवल्या, सकाळी यांनी भरड वाटल्या. मी म्हटलं, पाणी घालू नका. घातलं. ए.फ्रा.त एका वेळी पाच वडे मावतात. त्या घाण्याला पंधरा-वीस मिनिटं. महालक्ष्म्यांना जेवायला पंचवीस-तीस माणूस. हिशेब मांडायचीही गरज नाही.

आणि झाले कसे? भेगा पडल्या. वरून वाळले, आत कोरडे. चावताना आवाज येतो पण तो कुरकुरीतपणाचा नाही, भिंतीचं प्लास्टर पडल्याचा.

मी म्हटलं, "हे देवीपुढे नाही ठेवायचं."

म्हणाले, "तू एकदा तरी कशाले चांगलं म्हटलं का? एक महिना झाला मी करून राहिलो. भाजी केली तर जाड कापली. चहा केला तर अर्धा. वडे केले तर भिंत."

"मी तुम्हाला करा म्हटलं होतं का? मी सुमनला लावा म्हटलं होतं."

"सुमन, सुमन. लागून राहिली तिच्या मागे."

"तुम्ही एवढे मागे लागले या डब्याच्या."

बाहेर खालच्या पोरांनी लाकडी बैल सजवले होते, त्यांचा आवाज येत होता. वडे कोणीच खाल्ले नाहीत. संध्याकाळी यांनी एकट्याने कढीत भिजवून खाल्ले, सगळे. मला वाईट वाटलं आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी येतं तेव्हा काय करायचं कळत नाही.

नीताचा फोन: "ताई, अजूनही सांगा. आम्ही तयार आहो."

'हो' सांगून टाकू का तिला? निदान देवीला धड वडा मिळेल.

नाही सांगितलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

प्लास्टर निघालं. आतला हात दुसऱ्याच कोणाचा. बारीक, पांढुरका, कातडी सुटलेली. मूठ मिटत नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, गरम पाण्यात हलवा, वजन नको, पिळायचं नको, लाटायचं एवढ्यात नको. मग हात दिला कशाला परत.

घरी येताच लाटणं धरून पाहिलं. मनगटातून कळ खांद्यापर्यंत. लाटणं सुटलं, फरशीवर पडलं. हे धावत आले. उचलून दिलं. मी ते पोळपाटाशेजारी ठेवलं.

परवा महालक्ष्म्या यायच्या आहेत. पुरणपोळ्या नीता करून आणणार. भाज्या काकू आणि मी मिळून. वडे यांच्याकडे. मी म्हटलं ना, नाही जमणार. म्हणाले, "पाणी न घालता वाटतो. सकाळपासून लावतो. होऊन जाते." एवढा हट्ट या माणसाने आयुष्यात कशासाठी धरला नाही. बदलीसाठीही नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

आल्या. हळदी-कुंकवाची पावलं यांनी काढली, मी मुखवटे घेतले, उजव्या हाताने, डावा नुसता खाली आधाराला. साड्या नेसवायला काकू आल्या. हिरवी आणि जांभळी. ज्येष्ठेच्या निऱ्या दरवर्षीसारख्या जमल्या नाहीत. जमल्या नाहीत तरी उभ्या आहेत माझ्या घरात. डोळे भरून आले, कोणी पाहिलं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या डोक्यातून जाईल.

सकाळी सातपासून ए.फ्रा. सुरू. या वेळी वाटण खरंच नीट झालं होतं, कोरडं, भरड. मी आल्याचा तुकडा, जिरं घातलं, मोहन घातलं. पहिले दोन घाणे निघाले. बरे होते, पोळ्याच्या दिवशीपेक्षा पुष्कळ बरे. मी तसं म्हटलं. खरंच म्हटलं. यांचा चेहरा...

तिसरा घाणा आत आणि लाइन गेली.

बेसात लाइन जाते तर अशी तशी जात नाही. खाली वॉचमनला विचारलं, ट्रान्सफॉर्मर उडाला, दुपार होईल. लिफ्ट बंद. जनरेटर नुसता जिन्याच्या दिव्यांपुरता. नैवेद्य बाराला. माणसं साडेबारापासून. नीताला फोन लावला तर ती मानेवाड्याच्या चौकात अडकलेली, साचलेल्या पावसाच्या पाण्यात ऑटो बंद.

मी म्हटलं, छोटी कढई काढा. गॅसवर तळू.

हे तसेच उभे. खण हातात, त्यात अर्धे कच्चे वडे.

"अहो, काढा ना. मी मग..."

"तू नको. हात भाजून घेशील. मी करतो."

कढई ठेवली. तेल ओतलं. ओततानाच थोडं ओट्यावर गेलं. तेल तापलं. एक वडा हातावर घेतला, सोडला, लांबून, टाकल्यासारखा. तेल उडालं. दुसरा. मग झारा घेतला उलटायला.

झारा कढईच्या काठाला लागून वाजत होता. टक टक टक टक. मला आधी वाटलं मुद्दाम करताहेत. मग हात पाहिला. उजवा हात, मनगटापासून बोटांपर्यंत, आपोआप. दुसऱ्या हाताने तो धरायचा प्रयत्न करत होते.

मी गॅस बंद केला.

"केव्हापासून?"

"होळीच्या आधीपासून."

"मले काहून नाही सांगितलं?" माझ्या तोंडून मले निघालं. चिडले की आईची भाषा येते.

"काय सांगू? नुसतं बसलो की जास्त होते. काम करत असलं की कमी होते, पण बारीक कामाला नाही जमत. बँकेत सही जुळली नाही एप्रिलमध्ये. आपल्याच बँकेत. काउंटरवरची पोरगी म्हणे, काका पुन्हा करा. तीनदा केली."

उभ्याने बोलत होते, माझ्याकडे न पाहता. चष्म्यावर तेलाचे थेंब.

"गरम तेलाची भीती वाटते आता. चहा पूर्ण भरला तर सांडते. म्हणून वाचत होतो त्या यंत्राचं. तुझा हात मोडला तेव्हा वाटलं, आता मी नाही केलं तर कोण. सुमन आली असती तर मले काहीच करायचं राहिलं नसतं. मले पाहायचं होतं, या हातानं अजून किती होते."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. राग आला हे खरं. सगळ्यात आधी रागच आला. एवढे महिने. एका घरात. अर्धा कप चहावरून मी बोलत राहिले, आणि जाड फोडींवरून. आणि हे पाठमोरे उभे राहून झाकत राहिले.

पण घड्याळ पुढे चाललं होतं, आणि बाहेरच्या खोलीत त्या दोघी नेसून उभ्या.

मी म्हटलं, "थापता येते?"

"थापता येते. त्याले कुठं नीट हात लागतो."

"मग तुम्ही थापा. मी तळते. माझा उजवा धड आहे."

पळसाच्या पानावर पाण्याचा हात लावून यांनी थापले, पान माझ्याकडे धरलं, मी उजव्या हाताने उचलून तेलात सोडले. थापताना हात खरंच हलत नव्हता, किंवा हलला तरी वड्याला काय फरक. कढई छोटी, तीन-तीनच. कढईचा कान मी कापडाने धरायला गेले तर डाव्यातून कळ आली, तो यांनी धरला. दोन माणसांचे मिळून दोन धड हात. हे मी कोणाला सांगणार नाही.

पुरणपोळ्यांचा डबा आणि मोठी कढई घेऊन नीता घामाघूम वर आली तेव्हा नैवेद्य झाला होता, पुरणपोळ्या मागाहून दाखवल्या. तिने एक वडा तोडला. "ताई, हे त्या मशीनचे?" हे म्हणाले, "काही त्याचे, काही कढईचे." ती म्हणाली, फरक कळत नाही. खोटं बोलली. कळतो.

ताटात मी दोन्ही वाढले होते. देवीपुढेही.

लाइन चारला आली. ए.फ्रा. आपोआप सुरू झाला, रिकामाच, घरघर करत राहिला. कोणीतरी बंद केला.

२ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन. दही-भाताचा नैवेद्य. नीता निघताना म्हणाली, "पुढच्या वर्षीचं पाहू मग." मी तिच्या पिशवीत प्रसाद घातला.

यांना म्हटलं, पिंकीला सांगायचं. "नको एवढ्यात." मी म्हटलं, मग डॉक्टरला तरी. "हो." हो म्हणून पेपर उघडला. पेपर हलत होता. रोजच हलत असेल. पंख्याने हलतो असं वाटायचं मला.

९ सप्टेंबर, मंगळवार

आपले नेहमीचे डॉक्टर. चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कागदावर गोल काढायला सांगितला. गोल लहान-लहान होत गेला. काही नाव घेतलं नाही त्यांनी. मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. मी विचारलं, "काय वाटतं?" म्हणाले, "काही कारणं साधीही असतात. आधी दाखवून या." साधीही. त्या ही-चं काय करायचं.

घरी येऊन यांनी आलू ए.फ्रा.त लावले, मी वरण फोडणीला टाकलं. जेवताना म्हणाले, "मीठ कमी आहे." मी म्हटलं, बरोबर आहे. म्हणाले, "नाही, असंच म्हटलं."

यावर हसायचं होतं बहुतेक. जमलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

हात थोडा सुधारला. आज चार पोळ्या लाटल्या. कडा जाड, एकीला भोक. मधे दोनदा थांबावं लागलं. चार म्हणजे एका वेळचंही पूर्ण नाही.

दुपारी नीताचा फोन. त्यांच्याकडे सेलमधून ए.फ्रा. घ्यायचं चाललंय. "ताई, तुम्ही दीड महिना वापरला. खरं सांगा, रोजच्या स्वयंपाकाले उपयोग आहे का? घेऊ का नको?"

मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं माझ्याकडे. ओट्याची जागा, पाच वडे, उडालेला पापड, मेन पडणं. पोळ्या होत नाहीत त्यात, हे तर पहिलंच. आणि तोंडातून निघालं, "घे ना. बरं आहे."

हे बाजूलाच होते. फोन स्पीकरवर. म्हणाले, "काही नको घेऊ वं नीता. रोजच्या स्वयंपाकात त्याचं काही काम नाही. तू हातची सुगरण आहे, तुले कायले पाहिजे?"

"अहो, तुम्हीच तर म्हणे..."

"आमचं वेगळं होतं."

नीता वैतागली. "तुम्ही दोघं आधी काय ते एक ठरवा आन् मग मले सांगा." ठेवला फोन.

मी यांना म्हटलं, असं काहून सांगितलं? म्हणाले, तू काहून तसं सांगितलं? यांनी खण बाहेर काढून जाळी धुवायला घेतली. धुताना नळाचं पाणी बाहेर उडत होतं. मी पाठीमागे उभी राहिले. आज मला हॉलमध्ये बस म्हणाले नाहीत.

उद्या मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर. तिथे दिवसभर बसवून ठेवतात म्हणे, हॉटेलचं यांना चालत नाही, डबा न्यावा लागेल. डब्यात काय न्यायचं आणि ते कोणी करायचं, अजून ठरलं नाही.